छापील, ई-बुक की ऑडिओबुक? प्रत्येक पुस्तकाचा वेगळा विचार करा

वाचकाचे पत्र

‘माझे वय ५२ आहे आणि वाचनाची आवड लहानपणापासूनची आहे. येत्या काही महिन्यांत आम्ही लहान घरात राहायला जाणार आहोत. माझी पुस्तकांची चार कपाटे तिथे मावणार नाहीत. मुलगा म्हणतो, “आई, सगळी पुस्तके देऊन टाक, एका ई-रीडरमध्ये सगळे मावते.” मला ते पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही. कामावर जाता-येता मी ऑडिओबुक ऐकते. पण ऐकलेले पुस्तक वाचले असे म्हणता येणार नाही, असे आमच्या वाचक मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी सर्वांसमोर सांगितले आणि ते मनाला लागले. फोनवर वाचलेली पुस्तके माझ्या लक्षात राहत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. शिवाय माझे ८१ वर्षांचे वडील, ज्यांनी मला वाचायला शिकवले, त्यांनी दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या विकारामुळे वाचन जवळजवळ सोडून दिले आहे. त्यांच्यासाठी काही करता येईल का? आणि मी स्वतः आता कोणत्या प्रकारची पुस्तके घ्यावीत?’

– एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत, पण त्यांची उत्तरे एकाच कसोटीवर तपासता येतील असे मला वाटते. तीनपैकी एक माध्यम कायमचे निवडावे आणि उरलेल्या दोघांचा निरोप घ्यावा, अशी गरज तुमच्यावर कोणीही आणलेली नाही. पुस्तक हाती घेण्यापूर्वी एवढेच स्वतःला विचारावे की या पुस्तकात मला मागे वळावे लागणार आहे का? वाचता वाचता चार ओळी किंवा चार पाने मागे, आणि वाचून झाल्यावर चार किंवा दहा वर्षांनी पुन्हा? छापील पुस्तक, ई-बुक आणि ऑडिओबुक यांच्यातील बहुतेक खरे फरक या एका प्रश्नाभोवती गोळा होतात. वास, स्पर्श, सोय, आधुनिकता यांविषयीचे वाद त्यामानाने दुय्यम आहेत.

आधी मनाला लागलेल्या गोष्टीविषयी. त्या ज्येष्ठ सदस्यांच्या मताचा आदर राखूनही मला सांगावेसे वाटते की ते मत जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९१ प्रौढांना कथनाच्या अंगाने लिहिलेल्या एका ललितेतर पुस्तकाचा तोच भाग तीन प्रकारे देण्यात आला. काहींनी तो केवळ ऐकला, काहींनी पडद्यावर वाचला, तर काहींनी ऐकता ऐकता वाचला. लगेच घेतलेल्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घेतलेल्या चाचणीत तिन्ही गटांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१९ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच गोष्टी ऐकताना आणि वाचताना मेंदूत शब्दांच्या अर्थाचे काम कुठे कुठे चालते याचे नकाशे तयार केले, तेव्हा ते नकाशे जवळजवळ सारखेच निघाले. सहभागी व्यक्ती थोड्या होत्या, तरी निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे: शब्द डोळ्यांवाटे आत गेले किंवा कानांवाटे गेले, तरी अर्थ लावणारे मन तेच असते. तुम्ही ऐकलेल्या कादंबरीवर मंडळात बोलण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तो कमीपणा मनातून काढून टाका.

तरीही त्यांच्या बोलण्यात एक धागा खरा आहे आणि तो सोडून देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपण वाचतो तेव्हा आपले डोळे ओळीवरून अखंड सरकत नाहीत, ते लहान लहान झेपा घेत जातात. सराईत वाचकाच्याही अशा झेपांपैकी साधारण १० ते १५ टक्के झेपा उलट्या, म्हणजे आधीच्या शब्दांकडे जाणाऱ्या असतात. आपल्या ते लक्षातही येत नाही. २०१४ च्या एका अभ्यासात वाचून झालेले शब्द लगेच झाकून टाकले आणि वाचकांची मागे वळण्याची वाटच बंद केली, तेव्हा त्यांचे आकलन घसरले. म्हणजे मागे वळणे हा वाचनातील दोष नसून समजून घेण्याच्या क्रियेचाच तो एक भाग आहे. ऑडिओबुकमध्ये नेमकी हीच गोष्ट कठीण होते. १५ किंवा ३० सेकंद मागे नेणारे बटण असते, हे खरे; पण हात मोकळे नसताना, गर्दीत उभे असताना ते कितीदा दाबले जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. शिवाय आवाज आपल्यासाठी थांबत नाही. मन भरकटले तर छापील पानावर डोळे अडखळतात आणि आपण भानावर येतो. ऐकताना मात्र निवेदक पुढे निघून जातो आणि तीन मिनिटांचा मजकूर हरवल्याचे आपल्याला नंतर कळते. निमूटपणे ऐकणे, मनात वाचणे आणि मोठ्याने वाचणे यांची तुलना करणाऱ्या २०१३ च्या एका अभ्यासात मन सर्वाधिक भरकटले ते ऐकताना आणि सर्वांत कमी भरकटले ते स्वतः मोठ्याने वाचताना.

त्यामुळे प्रश्न ऐकण्याच्या योग्यतेचा नसून काय ऐकावे याचा आहे. २०१० साली काही विद्यार्थ्यांना एक अभ्यासलेख वाचायला आणि काहींना तोच ध्वनिमुद्रित स्वरूपात ऐकायला दिला असता, ऐकणाऱ्यांना चाचणीत बरेच कमी गुण मिळाले. आधी सांगितलेल्या प्रयोगाशी हा विसंगत वाटतो, पण मला तसा तो वाटत नाही. ज्या मजकुरात कथन पुढे पुढे ओढत नेते, तो कानांना झेपतो. ज्यात व्याख्या, आकडे आणि एकावर एक रचलेले युक्तिवाद असतात, तिथे पावलोपावली मागे वळावे लागते. चरित्रे, आत्मकथने, प्रवासवर्णने, कथा-कादंबऱ्या, निवडक पत्रे हे सारे निर्धास्तपणे ऐका. तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, विज्ञानातील सविस्तर विवेचन, तक्ते आणि नकाशे असलेला इतिहास हे मात्र कानांवर सोपवू नका. पात्रे पुष्कळ आणि त्यांची नावे मिळतीजुळती असलेल्या कादंबऱ्याही पहिल्या वेळी वाचलेल्याच बऱ्या. अपवाद नाटकांचा आणि कवितेचा. त्यांचे पहिले घर आवाजातच आहे, आणि चांगल्या निवेदकाच्या तोंडून ऐकलेली कविता नंतर पानावर वाचताना अधिक उलगडते.

वेळेचे गणितही सांगते. इंग्रजीतील ऑडिओबुक साधारण मिनिटाला १५० शब्दांच्या वेगाने वाचले जाते, तर मनात वाचणाऱ्या प्रौढ इंग्रजी वाचकाचा सरासरी वेग मिनिटाला २४० ते २६० शब्दांच्या घरात असतो. ९०,००० शब्दांचे पुस्तक त्या हिशेबाने ऐकायला सुमारे दहा तास आणि वाचायला सहा तास लागतील. मराठीत शब्द लांब असल्यामुळे हे आकडे बदलतील, प्रमाण फारसे बदलणार नाही. यावर उपाय म्हणून पुष्कळजण वेग दीडपट, दुप्पट करतात. व्याख्यानांच्या चित्रफितींवर झालेल्या २०२१ च्या एका अभ्यासात दुपटीपर्यंतच्या वेगाने आकलन फारसे कमी झाले नाही, त्यापुढे मात्र ते घसरले. माहितीपर पुस्तकासाठी थोडा वेग वाढवायला माझी हरकत नाही. कादंबरीसाठी मात्र आग्रहाने नको म्हणेन. निवेदकाने घेतलेला विराम हा त्या वाक्याचाच भाग असतो, आणि वेग वाढवला की सर्वांत आधी तोच जातो. तुमच्या जाण्या-येण्याच्या वेळेत हाती पुस्तक धरणे शक्य नसेल, तर ऐकणे आणि वाचणे अशी तुलना तिथे उद्भवतच नाही. तिथे तुलना ऐकणे आणि काहीच न करणे यांच्यात आहे, आणि तिचे उत्तर तुम्ही आधीच दिलेले आहे.

फोनवर वाचलेले लक्षात राहत नाही, हा तुमचा अनुभव एकटीचा नाही. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास एकत्र करून, म्हणजे १,७०,००० हून अधिक सहभागींच्या आधारे, २०१८ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा थोडेसे, पण सातत्याने सरस आढळले. तपशील अधिक बोलका आहे. हा फरक माहितीपर मजकुरात आणि वेळेचे बंधन असताना दिसला, कथात्म मजकुरात तो दिसला नाही. पडद्यांची सवय वाढत गेली तसा फरक कमी व्हायला हवा होता, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात त्या वर्षांत तो वाढत गेलेला दिसला.

यामागचे मला सर्वांत पटलेले कारण २०११ च्या एका प्रयोगातून पुढे येते. त्यात वाचकांना ठरावीक वेळ दिला, तेव्हा पडदा आणि कागद यांत फरक उरला नाही. किती वेळ वाचायचे हे ज्याचे त्याच्यावर सोडले, तेव्हा पडद्यावरच्या वाचकांनी लवकर आवरते घेतले, त्यांचे गुण कमी आले, आणि तरीही आपल्याला नीट समजले आहे असा त्यांचा समज होता. दोष काचेत आहे असे यावरून म्हणता येत नाही. पडद्यासमोर बसले की आपण भराभर चाळण्याच्या सवयीत जातो, आणि फोन तर ती सवय दिवसभर जोपासत असतो. ज्या उपकरणावर निरोप, बातम्या आणि बिले येतात, त्यावर चारशे पानांच्या ग्रंथाला न्याय मिळणे अवघड आहे. म्हणून फोनवर पुस्तक वाचायचेच असेल तर सूचना बंद करून वाचा, प्रकरण संपल्यावर क्षणभर थांबून त्यात काय आले ते स्वतःच्या शब्दांत आठवून पाहा, आणि जे आठवत नाही तिथे परत जा. आपोआप घडणारे मागे वळणे इथे ठरवून करावे लागते.

ई-रीडर ही फोनपेक्षा वेगळी वस्तू आहे, आणि मुलाच्या सूचनेतील हा भाग मला विचार करण्यासारखा वाटतो. त्याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत परस्परविरुद्ध विद्युतभार असलेले काळे आणि पांढरे कण असतात. विद्युतक्षेत्राची दिशा बदलली की एका रंगाचे कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवायला वीज लागत नाही, ती फक्त पान बदलताना लागते. म्हणूनच बॅटरी दिवसांऐवजी आठवडे पुरते. हा पडदा स्वतः प्रकाश फेकत नाही, कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परत पाठवतो. त्यातील दिवाही मागून डोळ्यांत येत नाही, कडेने पृष्ठभागावर पसरतो. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते तेव्हा अक्षर हवे तेवढे मोठे करता येणे हा लहान लाभ नव्हे. रात्री वाचणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी काही तास प्रकाश फेकणाऱ्या टॅब्लेटवर वाचलेल्या रात्री सहभागींना झोप लागायला छापील पुस्तकाच्या तुलनेत सुमारे १० मिनिटे अधिक लागली आणि झोपेशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण दबले. सहभागी बाराच होते आणि टॅब्लेटचा प्रकाश पूर्ण ठेवलेला होता, त्यामुळे याचा बाऊ करायला नको. तरी रात्रीसाठी कागद किंवा दिवा अगदी मंद केलेला ई-रीडर यांतूनच मी निवड करीन.

ई-रीडरलाही एक मर्यादा आहे. २०१९ च्या एका अभ्यासात ५० वाचकांना २८ पानांची रहस्यकथा दिली, निम्म्यांना कागदावर आणि निम्म्यांना किंडल या ई-रीडरवर. बहुतेक चाचण्यांत दोन्ही गट बरोबरीचे ठरले, पण कोणती घटना आधी घडली आणि कोणती नंतर, हे सांगण्यात छापील प्रत वाचणारे पुढे होते. याचे कारण हातात असावे असे संशोधकांना वाटते. छापील पुस्तकात डावीकडील पानांचा गठ्ठा वाढत जातो आणि उजवीकडील कमी होतो, अमुक मजकूर डाव्या पानावर खालच्या बाजूला होता असे आपल्याला स्मरते, आणि तिथे बोट घालून परत जाता येते. ई-रीडर सत्तर टक्के झाले असे सांगतो, पण सत्तर टक्के हाताला जाणवत नाहीत. उलट नेमका शब्द शोधायचा असेल, एखाद्या पात्राचा पहिला उल्लेख काढायचा असेल, अनोळखी शब्दाचा अर्थ तिथल्या तिथे पाहायचा असेल, तर ई-बुकची बरोबरी कागद करू शकत नाही. आपण कोणत्या प्रकारे मागे वळतो, हे इथे पाहावे: काय शोधायचे ते माहीत असेल तर ई-बुक उत्तम, आणि कुठेतरी काहीतरी वाचले होते एवढेच आठवत असेल तर छापील पुस्तक.

घेण्यापूर्वी फाइलचा प्रकार अवश्य पाहा. ईपब किंवा तत्सम प्रकारातील मजकूर अक्षराच्या आकारानुसार नव्याने मांडला जातो. पीडीएफमध्ये पान जसेच्या तसे गोठलेले असते, आणि सहा इंची पडद्यावर मोठ्या पानाची पीडीएफ वाचणे ही डोळ्यांना शिक्षा आहे. चित्रांची, नकाशांची, पाककृतींची, दोन रकान्यांत छापलेली आणि तळटीपांनी भरलेली पुस्तके लहान पडद्यासाठी घेऊ नका. नमुना प्रकरण मिळत असेल तर ते वाचून मगच ठरवा. घाईने केलेल्या ई-आवृत्त्यांत जोडाक्षरे तुटलेली आणि परिच्छेद एकमेकांत मिसळलेले आढळतात.

आता चार कपाटांविषयी. सगळी पुस्तके देऊन टाकू नका, आणि सगळी नेण्याचा हट्टही धरू नका. पुस्तकाकडे काही वर्षांनी परत यावेसे वाटेल का, हा प्रश्न इथे सर्वांत कामाचा आहे, आणि त्यात एक कायदेशीर बाजू आहे जी मुलाच्या कदाचित लक्षात आलेली नसेल. बहुतेक मोठ्या दुकानांतून ई-बुक घेतो तेव्हा आपण पुस्तकाचे मालक होत नाही, ते वाचण्याचा परवाना आपल्याला मिळतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दूरस्थपणे काढून टाकल्या, कारण त्या आवृत्त्या विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली, परंतु असे करता येते हे त्या दिवशी सर्वांना कळले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-बुकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांनी घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत दिले गेले आणि ज्यांनी समासात टिपणे केली होती त्यांना थोडी वाढीव भरपाईही मिळाली. टिपणे लिहितानाचा विचार मात्र भरपाईने परत येत नाही. ऑडिओबुकांची स्थिती याहून निराळी नाही, आणि मासिक वर्गणीवर ऐकलेली पुस्तके तर वर्गणी थांबली की थांबतात.

म्हणून ज्या पुस्तकांच्या समासात तुमचे हस्ताक्षर आहे, जी तुम्हाला कोणी नाव घालून दिली आहेत, ज्यांची आवृत्ती पुन्हा निघण्याची शक्यता नाही आणि जी तुम्ही दोनदा वाचली आहेत, ती सर्व छापील प्रतींतच जवळ ठेवा. दोनदा वाचलेले पुस्तक तिसऱ्यांदा वाचले जाते. एकदाच वाचलेल्या आणि पुन्हा उघडाव्याशा न वाटलेल्या कादंबऱ्या, जुनी झालेली माहितीपर पुस्तके, परीक्षांची पुस्तके आणि कधीतरी वाचू म्हणून वर्षानुवर्षे न उघडलेली पुस्तके निःसंकोचपणे ग्रंथालयाला किंवा वाचणाऱ्या माणसाला द्या. ग्रंथालयाला देण्यापूर्वी त्यांना ती हवी आहेत का, हे विचारा. अभिजात साहित्याचा मोठा भाग स्वामित्वहक्कांतून मुक्त झालेला आहे आणि तो विनामूल्य, कोणत्याही कुलूपबंदीशिवाय उतरवून घेता येतो. १९७१ साली सुरू झालेला प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे त्याचे सर्वांत जुने ठिकाण. अशा पुस्तकांच्या साध्या, ठिसूळ झालेल्या आवृत्त्या सोडायला हरकत नाही. जे छापील पुस्तक ठेवाल ते ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवा. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या जुन्या कागदातील आम्लामुळे तो पिवळा पडून तुटू लागतो, आणि उष्णता व दमटपणा यांनी ती क्रिया वेग घेते. कागदाचेही आयुष्य अमर्याद नसते, पण तो कोणाच्या परवानगीने नाहीसा होत नाही.

नवीन पुस्तकांसाठी मी तुमच्या जागी असते तर प्रवासात ऐकण्यासाठी कथन असलेले पुस्तक, रात्री ई-रीडरवर कादंबरी, आणि ज्यावर मंडळात बोलायचे आहे किंवा ज्यात पेन्सिल चालवायची आहे ते छापील, अशी वाटणी केली असती. ऐकलेले एखादे पुस्तक मनात घर करून राहिले तर त्याची छापील प्रत घ्यावी. तो दुहेरी खर्च नव्हे; कोणते पुस्तक कपाटातल्या जागेला पात्र आहे, हे ऐकण्यामुळेच कळले.

तुमच्या वडिलांविषयीचे वाक्य पत्रात शेवटाकडे आले असले तरी मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटले. वाचणाऱ्या माणसाचे वाचन सुटते तेव्हा त्याचा दिवस रिकामा होतोच, पण बोलण्यासारखे विषयही हळूहळू कमी होतात. प्रथम नेत्रतज्ज्ञांकडे त्यांची अलीकडची तपासणी झाली आहे का ते पाहा, आणि सरळ रेषा वाकड्या दिसणे किंवा दृष्टीत अचानक बदल होणे असे काही असेल तर थांबू नका. क्षीणदृष्टी साहाय्याचा सल्ला वेगळा मागावा लागतो. योग्य भिंग आणि योग्य जागी ठेवलेला दिवा यांनी पुष्कळदा अपेक्षेहून अधिक साधते. या विकारात नजरेचा मध्य जातो आणि कडा राहतात, त्यामुळे मोठे, ठळक अक्षर काही काळ उपयोगी पडते. ई-रीडर त्यांच्या हाती देऊन पाहा, परंतु अक्षर इतके मोठे करावे लागत असेल की ओळीत तीनच शब्द मावतात, तर वाक्याचा धागा हाती राहत नाही आणि माणूस थकतो. त्या टप्प्यावर ऑडिओबुककडे वळणे योग्य.

त्यांना हे सांगा की ऑडिओबुक मुळात धावपळीच्या लोकांसाठी जन्माला आलेले नाही. अमेरिकेत १९३४ साली आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली दृष्टिहीन वाचकांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तकांची सेवा सुरू झाली, आणि ब्रिटनमधील त्या प्रयत्नामागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज होती. ती सेवा वाचकांसाठीच होती, आणि तुमचे वडील त्याच वाचकांपैकी एक आहेत. २०१३ साली झालेल्या माराकेश करारामुळे, तो स्वीकारलेल्या देशांत अधिकृत संस्थांना दृष्टिबाधितांसाठी पुस्तकांच्या सुगम प्रती हक्कधारकाच्या वेगळ्या परवानगीशिवाय तयार करता येतात. म्हणून बाजारात ऑडिओबुक नसलेले पुस्तकही दृष्टिबाधितांच्या ग्रंथालयात मिळू शकते. तिथे डेझी या प्रकारातील पुस्तके मागा. त्यांत प्रकरणागणिक आणि पुष्कळदा पानागणिकही मागे-पुढे जाता येते, म्हणजे मागे वळण्याची जी सोय साध्या ध्वनिमुद्रणात हरवते ती बरीचशी परत मिळते.

उपकरण निवडताना सपाट पडद्याऐवजी बोटांना जाणवणारी मोठी बटणे असलेले घ्या, आणि थांबवलेल्या जागेपासूनच पुन्हा सुरू होणारे घ्या. ऐकू कमी येत असेल तर आधी श्रवणचाचणी करून घ्या. आवाज वाढवल्याने शब्द मोठे होतात, स्पष्ट होतातच असे नाही. वेग थोडा कमी करून पाहा. यंत्राच्या आवाजापेक्षा माणसाचा आवाज सुरुवातीला सुसह्य वाटतो. पहिले पुस्तक त्यांनी पूर्वी वाचलेले आणि आवडलेले असू द्या, म्हणजे एखादे वाक्य निसटले तरी कथेचा माग सुटणार नाही आणि नव्या सवयीचे ओझे वाटणार नाही. सुरुवातीचे काही दिवस शक्य तेव्हा त्यांच्याशेजारी बसून तुम्हीही तेच ऐका. दर रोज किती ऐकायचे आणि पुढचे पुस्तक कोणते लावायचे, हे मात्र त्यांनाच ठरवू द्या.